अमृत चुरींची पाचशे बारा साखर

सरावलीच्या अमृत चुरींना दुसऱ्याला सल्ला दिल्याशिवाय अन्न गोड लागत नसे. चिकूला खत कधी घालावं, सुनेनं सासूशी किती बोलावं, डहाणूहून कासाला जाताना एसटीत कुठल्या बाजूला बसलं की ऊन लागत नाही, असं सगळं ते न विचारता सांगत. बोलायला वेळही भरपूर. चिकूची वाडी वाडवडिलांची. "झाडं लावली आजानं, फळं उतरवतो लाहू, माल नेतो व्यापारी," असं ते स्वतःच म्हणत. "मी नुसता मालक. तेवढं एक काम अजून मला करावं लागतं."

मधुमेह झाला तोसुद्धा सल्ला देताना. २०१४ साली डहाणूला मोफत तपासणीचं शिबिर होतं. अमृतराव छातीला स्वयंसेवकाचा बिल्ला लावून रांग सांभाळत होते. पाड्यावरून आलेल्या बायका बोट टोचून घ्यायला तयार होईनात, तेव्हा ते पुढे झाले, खुर्चीत ऐसपैस बसले आणि बोट पुढे करून म्हणाले, "बघा हां बायांनो, काही होत नाही."

तपासणाऱ्या मुलीनं आकडा पाहिला, परत त्यांच्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "काका, तुम्ही जरा बाजूला बसता का? डॉक्टरांना बोलवते."

साखर दोनशे अठ्ठ्याण्णव निघाली. रांगेतल्या म्हाताऱ्या बायजीनं तेवढ्यात विचारलंच, "काय झाला, शेट?" अमृतराव म्हणाले, "काही नाही, काही नाही. तुम्ही बसा." आणि बिल्ला काढून खिशात घातला.

त्यानंतरची दोन वर्षं त्यांनी मधुमेहाशी लपाछपीचा खेळ खेळला. डहाणूच्या डॉक्टरीणबाईंकडे जायचा दिवस जवळ आला की तीन दिवस आधी भात बंद, मेथी सुरू, सकाळी कारल्याचा रस. तपासणीत आकडा बरा यायचा. डॉक्टरीणबाई "छान" म्हणायच्या. शाबासकी खिशात टाकून अमृतराव थेट स्टेशनजवळच्या गाडीवर जायचे आणि फाफड्याबरोबर गरम जिलेबी खायचे. मोजलं नाही ते झालंच नाही, असा त्यांचा साधा हिशेब होता. बायको जयश्रीला हे ठाऊक होतं. शर्टाच्या बाहीवर पाक दिसायचा. पण परीक्षेत पास होणाऱ्या मुलाला कॉपी करतोस का म्हणून कुणी विचारत नाही, तशी तीही गप्प राहायची.

२०१६ मध्ये वापीला राहणाऱ्या भाच्यानं त्यांना साखर मोजायचं मशीन आणून दिलं. काड्यापेटीपेक्षा थोडं मोठं. पट्टी घालायची, बोट टोचायचं, थेंब लावायचा की आकडा येतो. हातात मशीन आलं आणि अमृतरावांना वाटलं, आपलं खरं शिक्षण आत्ता कुठे पूर्ण झालं. ते शर्टाच्या वरच्या खिशात मशीन घेऊन फिरू लागले. दर माणसाला नवी सुई, नवी पट्टी, असा कडक नियम ठेवून त्यांनी अर्धी आळी तपासली. बाजारात, लग्नात, मयताला जमलेल्या लोकांतही "तुमची बघायची का?" म्हणून विचारलं. लाहू तर ते लांबून येताना दिसले की काम नसलं तरी झाडावर चढायचा.

माहितीही त्यांच्याजवळ भरपूर होती. "साखर वाढली तर तहान लागते," ते ओट्यावर बसून सांगायचे. "पण उतरली तर जास्त वाईट. घाम फुटतो, हात कापतात, माणूस चिडतो, भलतंच बोलायला लागतो. लगेच साखर तोंडात टाकायची. विचार करत बसायचं नाही." आळीतल्या लहान पोरांनाही हे पाठ झालं होतं.

स्वतःची साखर मात्र ते फक्त पहाटे उपाशीपोटी मोजायचे. तेव्हा आकडा सभ्य असायचा.

अमृतरावांचा धाकटा भाऊ लवकर गेला. त्याची बायको सुनिता आणि मुलं, उमेश आणि मयुरा, शेजारच्याच घरात राहत. मयुराच्या लग्नाचं सगळं अमृतरावांनी अंगावर घेतलं होतं. २०१८ च्या फेब्रुवारीत वाढवणच्या वर्तकांचा मुलगा ऋषभ याच्याशी तिचं जमलं. मुलगा चांगला, शिकलेला, बोईसरला कारखान्यात नोकरीला. बाप हरेश्वर वर्तक मात्र जरा ताठ माणूस. कमी बोलायचा, आणि बोलला की समोरच्याला आपण काहीतरी चुकलो असं वाटायचं. तरी सगळं नीट जुळलं आणि साखरपुडा सरावलीला मुलीकडे ठरला.

साखरपुड्याच्या सकाळी घरात पाय ठेवायला जागा नव्हती. पाहुण्यांसाठी चिकूचा हलवा करायचा होता, आणि पिकलेल्या चिकूंच्या दोन टोपल्या सोलायच्या राहिल्या होत्या. बायका भाज्या चिरण्यात, उमेश मांडवाच्या मागे. अमृतराव म्हणाले, "द्या इकडे. मालकाला आज काम करू दे." आणि ते पाटावर बसून चिकू सोलू लागले.

फळं मऊ, साल नुसती ओढली तरी निघत होती. रस मनगटापर्यंत ओघळत होता. अमृतरावांनी एक फोडसुद्धा तोंडात टाकली नाही. एरवी टाकली असती, पण घरात पाहुणे येणार, आज आपण वडीलकीच्या खुर्चीत बसणार, या विचारानं त्यांना एक प्रकारचं पावित्र्य चढलं होतं. शेवटचा चिकू सोलून झाल्यावर त्यांनी पंच्याला हात पुसले आणि त्याच पावित्र्यात वाटलं, आज साखर मोजावी. उपाशी आहोत, एक फोड खाल्लेली नाही, झकास आकडा येईल. तो जयश्रीला दाखवू, म्हणजे जेवताना हलव्याचा एखादा चमचा पदरात पडेल.

बोट टोचलं. थेंब लावला. मशीननं पाचशे बारा दाखवलं.

अमृतरावांना आधी वाटलं मशीन उलटं धरलंय. मशीन फिरवून पाहिलं. पुन्हा दुसऱ्या बोटाला टोचलं. त्या बोटालाही तोच रस. या खेपेला चारशे ऐंशी. म्हणजे एवढ्या दोन मिनिटांत थोडी उतरली, पण आहेच. एवढे चिकू नुसते हाताळून, वासानंच साखर चढली असं त्यांच्या मनानं घेतलं. लोकांना इतकी वर्षं सांगितलेलं त्यांना सगळं आठवलं. डोळे जातात, पाय जातो, किडनी जाते. मयुराच्या साखरपुड्यात आपण कोसळणार आणि वर्तक म्हणणार, मुलीच्या घरात रोग आहे.

कुणाला काही न सांगता ते आत गेले. सकाळची गोळी झाली होती. संध्याकाळची त्यांनी आत्ताच घेतली. मग मनाला बरं वाटेना म्हणून आणखी एक घेतली. वर ग्लासभर कारल्याचा रस. सुनितानं पोहे आणून दिले तर "भूक नाही" म्हणाले. त्यांच्या मते आता उपास हाच उपाय होता.

दुपारी वर्तकांची मंडळी आली. साड्या, नारळ, फुलांची ताटं, आणि रंगीत कागदाचा सुरेख बांधलेला साखरेचा पुडा. अमृतराव स्वागताला पुढे होते, पण त्यांना मांडव थोडासा डुलल्यासारखा वाटत होता. कपाळावर घाम आला. फेब्रुवारीतला दिवस, समुद्राकडून गार वारा येतोय, तरी सदरा पाठीला चिकटला. हातातलं पाण्याचं तांब्याभांडं वाजायला लागलं. त्यांनी मनाशी म्हटलं, बघा, पाचशे बारा म्हणजे काय असतं ते. खिशात मशीन होतं. मोजावं असं वाटलंही. पण पुन्हा तोच आकडा बघायची हिंमत होईना. दोन वर्षं दुसऱ्याचं बोट टोचण्यात शूर असलेल्या माणसाला स्वतःचं बोट पुढे करवेना.

पूजा झाली. मग दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी दोन शब्द बोलायचे ठरलं होतं. हरेश्वर वर्तक बोलले, नेहमीसारखे मोजके. "मुलगी आम्हाला पसंत आहे. तुमच्या घरासारखंच आमच्या घरात तिचं राहणं होईल." एवढं बोलून बसले. सगळे अमृतरावांकडे वळले.

अमृतराव उभे राहिले. त्यांना समोर धोतर-टोपीतला एक ताठ माणूस दिसत होता, पण तो कोण ते आठवेना. डोक्यातून एकेक शब्द निसटत होता. आणि एकदम त्यांना वाटलं, हा व्यापारी. चिकू न्यायला आलेला.

"या भावात माल देणार नाही," ते मोठ्यानं म्हणाले.

कुणीतरी हसलं, गंमत समजून.

"मागच्या खेपेला काय केलंत? नेला आणि दोन दिवसांनी नासका म्हणून परत पाठवलात. माझ्या मालाला डाग नाही. तुमचाच टेम्पो मोडका आहे."

हसणारा थांबला. मयुराची मान खाली गेली. सुनितानं पदर तोंडाला लावला. वर्तकांच्या बाजूला कुजबुज सुरू झाली आणि "ताडी" हा शब्द मागच्या रांगेपर्यंत गेला. गंमत अशी की अमृत चुरींनी आयुष्यात ताडीला बोट लावलेलं नव्हतं, आणि हे ते इतक्या लोकांना इतक्या वेळा सांगून चुकले होते की त्या क्षणी ते खोटं ठरल्याचं कुणालाच फारसं वाईट वाटलं नाही.

हरेश्वर वर्तक उठले. "ऋषभ, चल," ते म्हणाले. "घरातल्या मोठ्यांनी दुपारीच घेतली असेल तर बोलण्यात अर्थ नाही."

उमेश काकांना बसवायला धावला तर काकांनी त्याला ढकललं. तेवढ्यात जयश्री पुढे आली. तिनं त्यांचा हात धरला आणि तो गार, ओलागच्च लागला. इतकी वर्षं ओट्यावरचं भाषण ती आत चुलीपाशी बसून ऐकत आली होती. घाम, कापरं, चिडणं, भलतं बोलणं. नवऱ्याच्या बोलण्याचा कधी उपयोग होईल असं तिला वाटलं नव्हतं.

"उमेश, ह्यांच्या खिशातलं मशीन काढ," ती म्हणाली. "आधी तो हात धू."

अमृतराव ओरडत होते, "मशीनला हात लावायचा नाही. पाचशे बारा आहे." उमेशनं पाणी ओतून बोट धुतलं, पुसलं, टोचलं. आकडा आला बेचाळीस.

"साखर," जयश्री म्हणाली. "लवकर कुणीतरी साखर द्या."

घरातली साखर हलव्यात गेली होती आणि सैपाकघर लांब. ऋषभची आई ताटाशी बसली होती. तिनं काही विचारलं नाही. रंगीत पुडा उचलला, दोरा तोडला आणि साखर तांब्यात ओतून पाण्यात ढवळली. अमृतराव तोंड फिरवत होते. "मला साखर पाजून मारता काय?" ते म्हणत होते. जयश्रीनं एका हातानं त्यांची हनुवटी धरली, दुसऱ्या हातानं तांब्या लावला. "गिळा," ती म्हणाली. "मेलात तर मी बघते." त्यांनी गिळलं.

थोड्या वेळानं मांडव स्थिर झाला. अमृतरावांनी इकडे-तिकडे पाहिलं. समोर फाटलेला पुडा, उभे राहिलेले वर्तक, रडणारी मयुरा. "काय झालं?" त्यांनी विचारलं. मग लाहूच म्हणाला, "काय नाय शेट. तुम्ही पोरीचा सौदा मोडला."

उमेशनं त्यांना गाडीत घालून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. गोळीचा असर परत साखर खाली ओढू शकतो म्हणून बाईंनी त्यांना संध्याकाळपर्यंत झोपवून ठेवलं, सारखं खायला घातलं, सारखं मोजलं. मग खुर्ची ओढून बसल्या.

"सकाळी पाचशे बारा आली म्हणता. त्याआधी काय करत होतात?"

"चिकू सोलत होतो. पण एक फोड खाल्ली नाही, शपथ."

"हात धुतले होते?"

अमृतरावांनी आपली बोटं पाहिली. मग म्हणाले, "पंच्याला पुसले."

डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर कुणीतरी भेट दिलेल्या चिकूंची पिशवी होती. डहाणूत कुठल्याही टेबलावर असते. त्यांनी एक चिकू फोडला, स्वतःच्या बोटावर घासला, तसंच रुमालाला पुसलं आणि टोचलं. तीनशे एकाहत्तर. मग साबणानं हात धुतला, दुसरं बोट टोचलं. एकशे दोन.

"तुमच्या रक्तात एवढी साखर नव्हती," त्या म्हणाल्या. "चिकूत होती. मशीनला काय कळतं, ते बोटावर आहे ते मोजतं. आणि आकडा वेडावाकडा आला तर आधी हात धुऊन परत मोजायचं. गोळ्या स्वतःच्या मनानं वाढवायच्या नाहीत. कधीच नाही."

"म्हणजे मी चिकूला गोळ्या दिल्या," अमृतराव म्हणाले.

डॉक्टरीणबाईंना हसू आवरलं नाही. अमृतरावांनाही आवरलं नाही, पण हसता हसता त्यांच्या लक्षात आलं की उमेश दाराशी उभा आहे आणि तो हसत नाहीये. पोराचा चेहरा दुपारपासून तसाच होता. वाटेत गाडीत त्यानं काकांचा हात घट्ट धरून ठेवला होता, आणि बाप गेला तेव्हाही तो असाच गाडीत बसून डहाणूला आला होता. अमृतरावांचं हसणं तिथेच थांबलं.

दोन दिवसांनी ते उमेशला घेऊन वाढवणला गेले. हरेश्वर वर्तक ओसरीवर बसले होते. "या" म्हणाले, पण उठले नाहीत.

अमृतरावांनी सगळं सांगितलं. चिकू, पंचा, तीन गोळ्या, बेचाळीस. काही लपवलं नाही. जिलेबीसुद्धा सांगितली, जी कुणी विचारली नव्हती. "तुमचा अपमान झाला," ते म्हणाले. "पण तो मुलीनं केला नाही, घरानंही केला नाही. माझ्या मूर्खपणानं केला. नातं मोडायचं असेल तर माझ्याशी मोडा. मी लग्नाला येत नाही, वाडीतच बसतो. पोरीला शिक्षा नको."

आतून चहा आला, तीन कप एकाच ताटलीत. ऋषभच्या आईनं दोन कप पाहुण्यांपुढे ठेवले, तिसरा नवऱ्यापुढे, आणि अमृतरावांनी त्याला हात घालताच पटकन म्हणाली, "तो तुमचा नव्हे, भाऊ. तो बिनसाखरेचा."

हरेश्वरनी तिच्याकडे पाहिलं. ती आत गेली.

हरेश्वरनी कप खाली ठेवला. मग हरेश्वर म्हणाले, "सहा वर्षं झाली. घरात सोडून कुणाला माहीत नाही. ऋषभचे मित्र विचारतात तेव्हा पित्ताच्या गोळ्या म्हणून सांगतो." पुढे म्हणाले, "त्या दिवशी तुमचा हात कापताना मी बघितला. माझाही एकदा असाच कापला होता, भातकापणीच्या वेळी, शेतात. लोकांना दिसू नये म्हणून बांधावर बसून राहिलो. आणि तरी मांडवात मला ताडीच सुचली."

अमृतरावांच्या जिभेवर सल्ला आला होता. हात खिशाकडेही गेला. मग त्यांनी तो खाली घेतला आणि विचारलं, "मग तेव्हा काय केलंत?"

"बाई होती एक खळ्यावर, तिनं गूळ दिला."

"बरं केलं तिनं."

लग्न वैशाखात झालं. अमृतराव आले, आणि त्यांना बोलायला कुणी सांगितलं नाही. पंक्तीत मात्र ऋषभच्या मित्रांनी "काका, माल देताय ना?" म्हणून चिडवलं, आणि मयुरानंच तांदळाच्या अक्षता त्यांच्या टोपीवर टाकून ती चेष्टा मिटवली. ओट्यावरची भाषणं त्यानंतर कमी झाली. अगदी बंद झाली असं म्हणवत नाही. मशीन घरातच राहू लागलं. ते आता जेवल्यानंतर दोन तासांनी मोजतात, जिलेबी खाल्लेल्या दिवशीही, आणि आकडा जयश्रीला मोठ्यानं वाचून दाखवतात. कधी कधी ती म्हणते, "हळू वाचा, शेजारी ऐकतात."

२०१९ मध्ये एका सकाळी ते डहाणूला रक्त द्यायला लॅबमध्ये गेले. ही तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी, हिच्यात तीन दिवसांची मेथी चालत नाही, हे त्यांना फार उशिरा समजलं होतं. बाकावर हरेश्वर वर्तक आधीच बसले होते, उपाशी आणि कंटाळलेले.

"तुमची मागच्या वेळी किती होती?" हरेश्वरनी विचारलं.

"आठ पॉइंट चार. तुमची?"

"सात पॉइंट नऊ." त्यांनी हे थोडं जास्तच शांतपणे सांगितलं.

अमृतराव बाकावर ताठ बसले. मग म्हणाले, "व्याही, या वेळी बघाच."

आतून मुलीनं हाक मारली, "चुरीकाका, या." अमृतराव उठले, बाही वर केली आणि बेसिनकडे वळले. मुलगी म्हणाली, "काका, रक्त कोपरातून घ्यायचंय, हात धुवायची गरज नाही." त्यांनी तरी धुतले.